धुवणपीठ आणि पालथे चमचे

रविवारी दुपारी बाबा पत्र्याची बादली घेऊन स्वयंपाकघरात आले तेव्हा टेबलाभोवतीचं भांडण ऐन रंगात आलं होतं. त्यांनी भांडणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बादलीतलं पीठ कोपऱ्यातल्या लाकडी पेटीत ओतलं, बादलीच्या बुडावर दोन थापा मारल्या, पेटीचं झाकण लावलं आणि त्या झाकणावरच ऐसपैस बसून म्हणाले, "हं, चालू द्या."

बादलीत होतं ते धुवणपीठ. गिरणीतल्या लहान चक्कीवर लोकांचा मका दळा, सातू दळा, काहीही दळा. पाठोपाठ थोडा गहू सोडून दगड साफ करून घ्यायचे, ही आजोबांनी घालून दिलेली शिस्त. त्या गव्हाचं जे पीठ पडेल ते विकायचं नाही आणि फेकायचंही नाही. मालकाने ते स्वतःच्या हाताने घरी न्यायचं आणि घरच्यांनी मुकाट्याने खायचं. आजोबा गेले, आई गेली, पण बादली काही चुकली नाही. घरात तिच्याकडे आता कुणी बघतही नसे.

"बाबा, तुम्हीच सांगा हिला," थोरला म्हणाला. गिरणीचं दुकान आणि गाड्या सांभाळणारा हा बाबांचा मुलगा बोलायला लागला की समोर गिऱ्हाईक उभं असल्यासारखा दोन्ही हात पुढे करायचा. "गिरणीच्या दारावर काय लिहिलंय?"

"मला पाठ आहे," त्याची बहीण, धाकटी, म्हणाली.

"तरी म्हण."

"'शिक्क्याच्या पोत्यात गहू, आणि फक्त गहू.' आजोबांनी स्वतः रंगवलंय. 'फक्त' मोठ्या अक्षरात आहे. झालं समाधान?"

"मग त्या पोत्यात तुझा वाटाणा कसा शिरणार?"

"शिक्का मारून!"

धाकटीचा आवाज नेहमीपेक्षा चढला होता. हिवाळा संपल्यापासून ती या एकाच पिठामागे लागली होती. गव्हाचं पीठ आणि पिवळ्या वाटाण्याचं पीठ. गिरणीमागच्या पडवीत तिने प्रयोगशाळा थाटली होती आणि तिथून ती दर दोन दिवसांनी कुणाला ना कुणाला तेच समजावत बाहेर यायची. गव्हात प्रोटीन असतं, पण त्यातला लायसिन नावाचा एक घटक तोकडा पडतो, त्यामुळे बाकीचं असूनही शरीराला त्याचा पुरता उपयोग होत नाही. वाटाण्यात तोच घटक भरपूर. आणि वाटाण्यात जे तोकडं पडतं ते गव्हात आहे. दोन्ही एकत्र दळले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. पाव तोच, पण खाणाऱ्याच्या अंगी जास्त लागतो.

तिला परगावच्या एका मोठ्या बिस्किटांच्या कारखान्याने बोलावलं होतं. उद्या सकाळी होय किंवा नाही कळवायचं होतं. मागच्या रविवारी जेवता जेवता तिने ताटावरून उठून सगळ्यांना ऐकवलं होतं, की या पिठावर घरचा शिक्का बसला तर मी इथे, नाहीतर मी चालले. तेव्हापासून तिची भरलेली बॅग स्वयंपाकघराच्या दाराशीच उभी होती. येणारा जाणारा तिला अडखळत होता, आणि काकांनी तर तिच्यावर टोपी ठेवायला सुरुवात केली होती.

खरं सांगायचं तर धाकटीला जायचं नव्हतं. तिला या घरात राहायचं होतं, याच गिरणीत पांढरं होऊन फिरायचं होतं. पण लहान बहीण म्हणून नाही, गिरणीतलं माणूस म्हणून. ते तोंडाने मागायचं कसं हे तिला कळलं नव्हतं, म्हणून तिने बॅग भरली होती.

"पुरे झालं," वहिनी स्वयंपाकघरातल्या भट्टीकडून ओरडली. गिरणीला लागून असलेली बेकरी ही थोरल्याची बायको चालवायची आणि आजचे दोन्ही पाव तिनेच भाजले होते. "मी पाव आणतेय. आता जो बोलेल त्याला कडेचा तुकडा."

घरातली रीत अशी होती. नवीन पीठ गिरणीतून बाहेर पडण्याआधी त्याचा पाव आणि रोजच्या घरच्या पिठाचा पाव शेजारी शेजारी ठेवायचे. एकाला लाल दोरा, एकाला निळा. कुठला कशाचा ते फक्त भाजणाऱ्याला ठाऊक, आणि म्हणून भाजणाऱ्याला मत नाही. बाकी प्रत्येकाने दोन्ही चाखायचे आणि प्रत्येक पावापुढे एकेक चमचा ठेवायचा. पसंत असेल तर उताणा, नसेल तर पालथा. नवीन पिठापुढे एकही चमचा पालथा पडला तर ते पीठ संपलं, पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. आजोबांच्या काळात ओटाचं पीठ असंच एका चमच्याने गेलं होतं. तो चमचा आजोबांचा होता आणि त्या दिवशी त्यांना पडसं झालं होतं, असं आत्या अजून सांगते.

वहिनीने पाटावर दोन पाव आणून ठेवले. दोघांनाही वरून सारखंच पीठ भुरभुरवलं होतं, त्यामुळे वरवर बघून काही कळत नव्हतं. आत्याने चष्मा पुसला, चष्म्याचा इथे काहीएक उपयोग नव्हता तरी. बाबांची ही मोठी बहीण सारा जन्म मुलांच्या वॉर्डात नर्स होती, आणि अजूनही कुणी खुर्चीवर वाकडं बसलं की तिचा हात त्याच्या पाठीत जायचा.

"आधी मला," आत्या म्हणाली. "माझं वय झालंय. तुमच्या भांडणात मी गेले तर एक मत वाया जाईल."

"ताई, तू आम्हा सगळ्यांना पोचवून जाशील," बाबा म्हणाले.

"जाईन, पण उपाशी जाणार नाही. काप गं."

वहिनीने लाल दोऱ्याचा पाव कापला. आत्याने तुकडा तोंडात टाकला, चावला, आणखी चावला. मग पाण्याचा पेला उचलला.

"बोलायचं नाही," थोरल्याने दटावलं.

"बोलत कुठे आहे, गिळतेय."

काकांनी खाल्ला. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आणि त्यांचं सगळंच तळ्यात-मळ्यात. सकाळी ते थोरल्याच्या बाजूने होते कारण त्याने त्यांना गाडीतून फिरवून आणलं होतं. दुपारी ते धाकटीच्या बाजूने झाले कारण तिने चहात दोन चमचे साखर टाकली होती. आता त्यांनी लाल पावापुढे चमचा उताणा ठेवला, धाकटीकडे बघून डोळा मारला, तिने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही म्हणून गोंधळले, आणि चमचा हळूच पालथा केला.

धाकटीची पाळी आली. तिने लाल तुकडा घेतला. जड होता, जिभेवर चिकटत होता, आणि मागाहून कच्ची, हिरवट चव येत होती. तिला मनातून हायसं वाटलं. वहिनीने आज घरच्या पिठाची वाट लावली होती तर! तिने निळा तुकडा घेतला. तो हलका होता, कवच खुसखुशीत, आतून मऊ, आणि अगदी शेवटी, गिळताना, वाटाण्याची पुसटशी गोडी होती. दुसऱ्या कुणाला कळली नसती, पण हिवाळा संपल्यापासून घरचा पाव सोडून पडवीतल्या पिठाच्या चिमट्याच चाखणाऱ्या तिच्या जिभेला ती कळली.

हा माझा, ती मनात म्हणाली, आणि आनंदाने तिचे कान गरम झाले. तिने निळ्यापुढे चमचा उताणा ठेवला आणि लाल पावापुढे चमचा असा पालथा आपटला की बशीतलं लोणी उडालं.

सगळे चमचे ठेवून झाले. लाल पावापुढे पाचही चमचे पालथे आणि निळ्यापुढे पाचही उताणे. या टेबलाभोवती इतकं एकमत कुणाच्या आठवणीत झालं नव्हतं. बाबा दचकलेच.

थोरल्याने निळ्या पावाचा तिसरा तुकडा तोंडात ठेवत विचारलं, "अगं, सांग आता."

वहिनी दोन्ही हात एप्रनला पुसत बसली. पुसून झाल्यावरही पुसत बसली. "निळा," ती शेवटी म्हणाली, "आपल्या पेटीतल्या पिठाचा. आणि लाल हिचा."

मग सगळ्यांच्या नजरा लाल पावापुढच्या चमच्यांवर गेल्या, आणि तिथून त्या एका चमच्यावर गेल्या जो लोण्यात माखून पालथा पडला होता.

"धाकटे," काका म्हणाले, "हा तुझा ना?"

आत्या फुस्सकन हसली. तिने तोंडावर पदर धरला, पण आवाज पदराखालून निसटला, आणि मग काका हसत सुटले, वहिनीही हसली, आणि थोरल्याच्या तोंडातला निळा पाव श्वासनळीत गेल्यामुळे तो खोकत खोकत हसायला लागला. स्वतःच्याच पिठावर स्वतःचा चमचा पालथा! धाकटीला रडू येत होतं आणि तेवढ्यात हसूही आलं, दोन्ही एकदम आल्यामुळे तिला उचकी लागली. ती उचकी देत देत टेबलावर डोकं ठेवून हसली, आणि हसताना तिला कळत होतं की आपण हरलो. ते पीठ गेलं. आता दाराशी उभी असलेली बॅग खरोखरच उचलावी लागणार.

"आम्ही काही केलं नाही हं," थोरला डोळे पुसत म्हणाला. "तूच केलंस."

"दादा, पाणी दे."

"चव आपल्या घरच्या पिठाची. आणि उगाच नाही. यंदा पाव सुधारलाय की नाही? सगळेच म्हणतात. मी नवीन यीस्ट आणलं तेव्हापासून."

"यीस्ट?" वहिनी हसायची थांबली. "अहो, भट्टीसमोर उभी कोण राहते?"

"लाकडं कोण फोडतं?" काका म्हणाले. "यंदा मी बारीक फोडतोय."

बाबा पेटीवरून म्हणाले, "मी हिवाळा संपताना दगडांना टाकी लावून खाचा नव्याने काढून घेतल्या. त्याचा गुण आहे तो. तुम्ही बसा भांडत."

धाकटीची उचकी थांबली. ती निळ्या पावाकडे बघत होती. तिने त्याचा गाभा चिमटीत घेतला, नाकाशी नेला, मग तोंडात टाकला. शेवटी, गिळताना, तीच गोडी आली.

"याच्यात वाटाणा आहे," ती म्हणाली.

"झालं!" थोरल्याने हात पुढे केले. "हरली म्हणून आता आमच्या पावात पण वाटाणा."

"खरंच आहे, दादा. मी म्हणून तर माझा समजले."

"सूनबाई, तू पावांची अदलाबदल..." काकांनी सुरुवात केली, पण वहिनीचा चेहरा बघून त्यांनी वाक्य गिळलं आणि वर लोणीही खाल्लं.

"मी पेटीतलंच पीठ घेतलं," वहिनी एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "या माझ्या हातांनी. सकाळी बाबा पेटीवरून उठले तेव्हा झाकण उघडलं, आणि बाबा बसायच्या आत बंद केलं."

आता मात्र बाबा उठले. एरवी त्यांना राग यायला अर्धा दिवस लागायचा, पण आजचा राग झाकणाखालीच तयार असावा. "माझ्या घरच्या पिठात?" ते म्हणाले. "ज्या पेटीवर मी रोज बसतो तिच्यात? फळी आण. आत्ताच्या आत्ता फळी आण. होऊन जाऊ दे."

फळी म्हणजे बाबांचा अभिमान. काळी, वीतभर रुंद लाकडी पट्टी. तिच्यावर दोन पिठांच्या चिमट्या शेजारी शेजारी ठेवायच्या, सपाट सुरीने दाबून गुळगुळीत करायच्या आणि फळी तिरकी धरून अलगद पाण्यात बुडवायची. कोरडी असताना सगळी पिठं पांढरीच दिसतात. ओली झाली की खरा रंग वर येतो. फळीवर बाबांना आजवर कुणी फसवलं नव्हतं. वहिनी दुकानातून शिक्क्याचं न फोडलेलं पाकीट घेऊन आली. बाबांनी ते स्वतः फोडलं, एक चिमूट त्यातली ठेवली, एक पेटीतली ठेवली, आणि पिंपाच्या पाण्यात फळी बुडवून बाहेर काढली.

सगळे वाकले. काकांचं डोकं आत्याच्या डोक्यावर आपटलं.

"थांबा जरा," बाबा म्हणाले. "लगेच दिसत नाही."

डावीकडचं, पाकिटातलं पीठ मळकट पांढरं झालं. उजवीकडचं, पेटीतलंही मळकट पांढरं झालं. थोरला तोंड उघडणार तेवढ्यात उजवीकडची बाजू हळूहळू बदलायला लागली. कडेने आधी, मग आतपर्यंत, फिकट पण स्वच्छ पिवळी.

बाबांनी फळी खिडकीकडे नेली. उन्हात धरली. उलटी करून मागची बाजू बघितली, जणू पिवळा रंग तिथून झिरपून आला असेल. मग परत आले आणि खुर्चीवर बसले.

"हे कसं झालं?" वहिनीने विचारलं.

आणि धाकटीला समजलं. समजलं तसं तिने कपाळाला हात लावला, कारण यात तिचाही वाटा होता, आणि मोठा होता.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या चाचण्यांचं दळण कुठल्या चक्कीवर होतं?"

"लहान चक्कीवर."

"आणि मी दर वेळी निघताना तुम्हाला काय सांगत होते?"

"'बाबा, दगड नीट धुवा हं, नाहीतर वाटाणा गिऱ्हाइकाच्या पिठात जाईल.' डोकं खाल्लंस माझं. म्हणून मी डबल गहू सोडून धुवत होतो."

"आणि ते धुवणपीठ?"

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या पेटीकडे गेली, पेटीवरून तिच्या शेजारच्या बादलीकडे गेली आणि तिथेच राहिली.

"अरे देवा," ते म्हणाले.

"हिवाळा संपल्यापासून!" आत्या टाळी वाजवत ओरडली. "अरे, हा रोज बादलीत घालून आणतोय! दारावर पाटी आणि घरात वाटाणा!"

आता जे हसू फुटलं ते मघाच्या हसण्याचा बाप होतं. वहिनी भट्टीला टेकून खाली बसली. थोरला "माझं यीस्ट, माझं यीस्ट" म्हणत टेबलावर बुक्क्या मारत होता, आणि एवढं सगळं झाल्यावर तो चौथा तुकडा खात होता हे त्याच्याही ध्यानात नव्हतं. काका हसता हसता मागे सरकले, बसायला काहीतरी शोधलं, आणि दाराशी उभ्या असलेल्या धाकटीच्या बॅगेवर सगळ्या वजनानिशी बसले. बॅगेचं कुलूप तटकन तुटलं. काका खाली आणि बॅगेतलं सगळं बाहेर.

बाहेर आला तो एक स्वेटर आणि पिवळे वाटाणे. फरशीभर वाटाणे. त्यामागून गव्हाच्या छोट्या छोट्या पुरचुंड्या, चक्कीच्या दगडाचा टवका, गिरणीच्या दारावरच्या पाटीचा धाकटीने लहानपणी काढलेला फोटो, आणि एक पत्र्याचं माप जे घरात कधीपासून सापडत नव्हतं. काका उठायला गेले, वाटाण्यांवर घसरले आणि पुन्हा बसले. त्यांना उठवायला गेलेला थोरला त्यांच्या शेजारी बसला.

"एकच स्वेटर?" वहिनी म्हणाली. "परगावी तू घालणार काय होतीस?"

"नोकरीला निघाली होतीस की दळण घेऊन?" थोरला फरशीवरून म्हणाला.

सगळ्यांसमोर तिचं बिंग फुटलं होतं. तिने पुरचुंड्या गोळा करायला सुरुवात केली आणि मग मध्येच थांबली. "मला जायचं नव्हतं," ती म्हणाली. "मला कुठेच जायचं नव्हतं. तुम्ही थांब म्हणाल असं वाटलं होतं."

थोरल्याच्या केसांत एक वाटाणा अडकला होता. तो त्याने काढला आणि उगाचच बोटांत फिरवत बसला.

"असं सरळ बोलायचं असतं, वेडे," तो म्हणाला. "बॅगेला ठेचकाळून ठेचकाळून माझी नखं गेली."

पण बाबा हसले नव्हते. ते अजून फळीकडेच बघत होते. "मी भेसळ केली," ते म्हणाले. "माझ्या वडिलांच्या पाटीखालून बादली नेली रोज. त्यांनी पाहिलं असतं तर?"

आत्या खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली आणि सवयीने त्यांच्या पाठीत हात घालून त्यांना ताठ केलं. "पाटी कशासाठी लिहिली ते विसरलास का? तेव्हा इतर गिरण्या पिठात खडू घालत होत्या. घेणाऱ्याच्या पोटातलं काढून घेत होत्या. म्हणून आपल्या बाबांनी 'फक्त' मोठं लिहिलं. तू काय काढून घेतलंस कुणाच्या पोटातलं? मी वॉर्डात काटकुळी पोरं पाहिली आहेत. दोन वेळा पाव खाऊन काटकुळी. मी बाबांना तेव्हाच म्हणाले होते, यात काहीतरी घाला. त्यांनी मला गिरणीत पाय ठेवू दिला नाही वर्षभर."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू तेव्हा शाळेत होतास. आणि नंतर मला राग धरायला आवडायला लागलं." ती धाकटीकडे वळली. "पण तूही ऐक गं. तुझा पाव भिकार आहे."

"आत्या!"

"भिकार आहे. वाटाणा किती घातलास?"

"चौथा हिस्सा," धाकटी पुटपुटली. "जितका जास्त तितकं प्रोटीन..."

"मी सांगत होते, निम्मा कर, त्याहून कमी कर," वहिनी म्हणाली. "आणि वाटाणा आधी भाजून घे, कच्चा वास जाईल. वाटाण्याला गव्हासारखा चिवटपणा नाही, पीठ फुगायचं कसं? पण तुझं आपलं एकच, आकडा खाली येणार नाही."

हे खरं होतं. तो आकडा तिने छातीशी धरून ठेवला होता. आणि तिकडे बाबांनी, काहीही न मोजता, दगडांत उरलेल्या वाटाण्यावर गहू सोडून सोडून, हिवाळा संपल्यापासून सगळ्या घराला आवडलेलं पीठ तयार केलं होतं. कुणी तक्रार केली नव्हती. उलट श्रेय घ्यायला रांग लागली होती.

"आकडा सोडला," ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्याहून ते सोपं गेलं. "पेटीतल्या पिठात वाटाणा किती आहे ते मी उद्या तपासते. त्याच प्रमाणाने करू. वहिनी, तू भाज. तू म्हणशील तसा वाटाणाही भाजू."

"आणि पोत्यावर लिहायचं," थोरला फरशीवरून उठत म्हणाला. त्याच्या आवाजात दुकानदार परत आला होता. "मागे बारीक अक्षरात नाही. समोर. 'गहू' जेवढ्या अक्षरात तेवढ्याच अक्षरात 'वाटाणा'. कुणाला वाटाणा चालत नसेल तर त्याला घ्यायच्या आधी कळलं पाहिजे. नाहीतर माझा चमचा पालथा."

"तेवढ्याच अक्षरात," धाकटी म्हणाली. "तुझ्या पसंतीची अक्षरं."

"बघा," आत्या काकांना म्हणाली. "याला लिहायचं काय ते कळतं, हिला दळायचं काय ते कळतं. दोघं मिळून एक शहाणं माणूस होतं. एकेकटे दोघेही तोकडे."

"हेच तर मी हिवाळा संपल्यापासून सांगतेय, गहू आणि वाटाण्याबद्दल," धाकटी म्हणाली, आणि तिला पुन्हा उचकी लागली.

वहिनीने लाल पाव उचलून बाजूला ठेवला. टेबलावर निळा उरला, म्हणजे त्याचा कडेचा तुकडा उरला, कारण बाकीचा थोरल्याने संपवला होता. सगळ्यांनी पुन्हा चमचे घेतले. आत्याने उताणा ठेवला. थोरल्याने ठेवला. काकांनी उताणा ठेवला, पालथा केला, सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा "गंमत केली रे" म्हणून पुन्हा उताणा केला. धाकटीने या वेळी आपटला नाही.

बाबांनी चमचा हातातच धरून ठेवला होता. ते उठले, चमच्यासकट दारापर्यंत गेले, खाली वाकून वाटाण्यांतून पत्र्याचं ते माप उचललं, आणि गिरणीकडे निघून गेले.

"रागावले," काका म्हणाले.

"शिक्का आणायला गेले असतील," थोरला म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात खात्री नव्हती.

धाकटी खिडकीशी उभी राहिली. चक्कीचा आवाज सुरू झाला, बराच वेळ चालला आणि थांबला. वहिनीने वाटाणे झाडून गोळा केले. आत्याने चहा टाकला. धाकटीने चहाला हात लावला नाही. चार चमचे उताणे होते, आणि एक चमचा अंगणापलीकडे बाबांच्या खिशात होता. एकानेही पीठ जातं हे तिला ठाऊक होतं, आणि तो चमचा आजोबांच्या मुलाचा होता.

मग बाबा बाहेर आले. पाटीखाली थांबले, मान वर करून 'फक्त'कडे थोडा वेळ बघत राहिले. त्यांच्या हातात बादली होती. ती घेऊन ते अंगण ओलांडून आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले. भुवयांपर्यंत पांढरे झाले होते.

"आता गहू आणि वाटाणा मापाने घेतला," ते धाकटीला म्हणाले. "डोळ्यांना बरोबर वाटला तेवढा. चूक असेल तर सांग. दगड नंतर धुतले, दोनदा." त्यांनी खिशातून चमचा काढला आणि बादलीतल्या पिठावर उताणा ठेवला. मग पेटीकडे बघितलं, मागे वळून धाकटीच्या पडवीच्या दिशेने बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांना ती बादली कुठे ठेवावी हे कळेना.

"हे आता कुठे जायचं?" त्यांनी विचारलं. "घरात, की तुझ्या गिरणीत?"

तुझ्या गिरणीत, ते म्हणाले होते. धाकटीने ते ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले. तिने पुढे होऊन बादली त्यांच्या हातातून घेतली.

"घरातच, बाबा," ती म्हणाली. "मी ओतते."